मुंग्या न लागलेले डबे

लोक दिवाणखाना सजवतात. मी एका हिवाळ्यात कचऱ्याची बादली सजवली.

नवऱ्याची नोकरी गेली होती. ती गेलेली कुणाला कळू नये म्हणून मी माळ्यावर साठवलेले मिठाईचे रिकामे डबे एकेक करून खाली काढायचे आणि सकाळी फाटकापाशी बादली ठेवताना सगळ्यांत वर, दुकानाचं नाव रस्त्याकडे करून, एक डबा मांडून द्यायचे. आत चहाचा चोथा आणि बटाट्याच्या साली, वर संदेशाचा, म्हणजे बंगाली मिठाईचा, डबा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, या मराठी लोकांकडे परवा संदेश झाला, आज पुन्हा संदेश, चाललंय यांचं झकास. तेव्हाची मी स्वतःला भलतीच हुशार समजत असे. परवा नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तू सिरियसली असं करायचीस?" कोलकात्यात वाढलेल्या या पोरीचं मराठी तेवढंच, पण प्रश्न मुद्द्याचा होता.

दुर्दैव एवढंच की त्या घरात एक बाई कचरा वाचत असे.

ती आमची घरमालकीण. बालीगंजातल्या एका गल्लीत तिचं जुनं दुमजली घर. वर ती एकटी, खाली आम्ही तिघं. सगळी गल्ली तिला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणे, म्हणून आम्हीही. ती मला बौमा म्हणायची, म्हणजे सूनबाई. सासूबाईंना नागपुरात ठेवून इतक्या लांब आले, तर इथे दुसरी वरच्या मजल्यावर बसलेली. उंच, काटकुळी, नाकावर चष्मा आणि चष्म्याच्या एका काडीच्या जागी दोरा. पांढऱ्या सुती साडीला भाताच्या पेजेची खळ इतकी कडक की ती जिना उतरू लागली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. तेवढ्या आवाजात मी ओटा पुसून घ्यायचे.

तिच्या घरातून सहसा काही बाहेर जातच नसे. दुधी घरात आला की गर डाळीत, साल कलौंजी घालून परतलेली, बिया भाजून दुपारी तोंडात टाकायला, आणि देठ गुलाबाच्या कुंडीत. जुन्या साड्यांची ती गोधडी शिवायची आणि तिला लागणारा रंगीत दोरा त्याच साड्यांच्या काठांतून ओढून काढायची. दुपारी उन्हात पाय पसरून ती काठ उसवत बसली की वाटायचं, ही साडीची उलटतपासणी घेतेय. तिचं एक वाक्य होतं, बंगालीत: "फेला माने हारा." फेकणं म्हणजे हरणं. ते ती आम्हाला सांगायची, गुलाबांना सांगायची आणि कचऱ्याची हातगाडी घेऊन शिट्टी वाजवत येणाऱ्या माणसालाही सांगायची. तो बिचारा मान डोलावून पुढच्या घरी जायचा, कारण तिच्या बादलीत त्याला द्यायला काही नसेच.

पण तिला चिकट म्हणाल तर चुकाल. चिकट माणूस घासाघीस करतो. हिने ती कधी केली नाही. भाजीवाले पसारा आवरायला लागतात त्या टळटळीत दुपारी ती गडियाहाटच्या बाजाराला जायची, तीही कशी, तर इस्त्रीसारखी साडी, हातात छत्री, राज्याभिषेकाला निघाल्यासारखी. फ्लॉवरचा पाला, मुळ्याची पानं, भोपळ्याचे वेल, लोक नको म्हणून टाकतात ते सगळं ती निवडून मागायची, आणि दाम विचारून घ्यायची. एकदा माझ्या देखत भाजीवाल्याने कौतुकाने कोथिंबिरीची जुडी वर टाकली. तिने ती पिशवीतून काढून परत ठेवली. "दया का धनिया हम नहीं खाता. दाम बोलो, नहीं तो रखो."

"परवडत नाही" हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मासेबाजारात ती एखाद्या भल्या मोठ्या हिलशासमोर थांबायची, त्याचे कल्ले उचलून डॉक्टरसारखं बघायची आणि म्हणायची, "मन नहीं है." आणि चालू पडायची. मासाच ओशाळा झालेला दिसायचा.

घर पाडून तिथे फ्लॅट बांधायला टपलेला एक बिल्डर तिच्याकडे अधूनमधून यायचा, मिठाई घेऊन. ती त्याला बसवायची, चहा द्यायची, त्याच्यासमोर मिठाई खायची, त्यालाही खायला लावायची, आणि निघताना म्हणायची, "घर नहीं देगा. डब्बा रख के जाओ." तो वर्षानुवर्षं येत राहिला. माझा संशय आहे की पुढेपुढे त्याला ते ऐकायलाच आवडत असावं.

आता आमची गोष्ट. माझा नवरा बजबजच्या एका ज्यूट गिरणीत होता. रोज सकाळी बालीगंज स्टेशनवरून लोकल पकडायची, दिवसभर तागाच्या गोदामात गाठोडी तपासायची, संध्याकाळी परत. तागाच्या धुळीनं त्याचा घसा कायमचा खवखवायचा. त्या वर्षी दुर्गापूजेची सुट्टी संपवून माणसं कामावर गेली तर गिरणीच्या फाटकाला टाळं. पुढे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमची लेक बारावीला होती, परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर.

खरी भीती मला कोलकात्याची नव्हती, नागपूरची होती. आम्ही इकडे आलो ते थोरल्या दिरांचं न ऐकता. स्टेशनवर सोडायला आले तेव्हा ते म्हणाले होते, "जा. अडलंच कधी तर माडीवरची खोली आहे तुमच्यासाठी." माणूस वाईट नाही हो, पण त्या वाक्यात खोलीपेक्षा "अडलंच" जास्त होतं. नोकरी गेल्याचं कळलं असतं तर ते तिकिटं काढून दारात उभे राहिले असते, लेकीचं वर्ष बुडालं असतं, आणि उरलेला जन्म माझ्या नवऱ्याने भावाच्या माडीवर वर्तमानपत्राच्या घड्या घालण्यात काढला असता. आणि कळायला वेळ किती? आमच्याच गल्लीत महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरीबाई राहत, बँकेतल्या बड्या साहेबांच्या पत्नी. त्यांची बहीण नागपुरात, दिरांच्या शेजारच्या घरात. सकाळी त्या फिरायला निघत आणि आमच्या फाटकावरून जात. आता कळलं ना, संदेशाच्या डब्याचं नाव रस्त्याकडे का?

डबे ही निम्मी हुशारी. उरलेली निम्मी अशी की मी नवऱ्याला घरात लपवलं. शेजाऱ्यांच्या लेखी तो कामावर जात होता. म्हणून दिवसा टीव्ही लावायचा नाही, खिडकीत उभं राहायचं नाही, बेल वाजली की मोरीत जाऊन बसायचं, आणि खोकायचं नाही. खोकला काय कुणाच्या आज्ञेत असतो? पण तो सालस माणूस, उशीत तोंड खुपसून खोकायचा. एकदा उशीतून डोकं वर काढून म्हणाला, "मी कुणाचा खून वगैरे केलाय का?"

मी म्हटलं, "हळू बोला."

तो त्यानंतर बोलेनासाच झाला. भिंतीला टेकून बसायचा, पडदा ओढलेल्या खोलीत, स्वेटर घालून. मला ते दिसत होतं. पण मला वाटायचं, एवढी परीक्षा होऊ दे, मग बघू त्याच्याकडे. माणूस म्हणजे लोणच्याची बरणी, झाकून ठेवली की टिकते, अशी माझ्यातल्या त्या शहाण्या बाईची समजूत होती.

मार्गशीर्षातली एक दुपार. पापड मोडल्याचा आवाज जिन्यावरून खाली आला आणि आमच्या दाराशी थांबला. नवरा मोरीत. मी दार उघडलं. माशीमा आत आली, तिच्या हातात साडीच्या काठाच्या दोऱ्याने बांधलेली चळत. माझे डबे. बादलीत मी रोज ठेवलेला डबा ती शिट्टी वाजण्याआधी काढून घेत होती, कारण फेला माने हारा. तिने चळत टेबलावर ठेवली आणि चष्म्याचा दोरा कानामागे नीट केला.

"बौमा, चींटी कहाँ है?"

मी म्हटलं, "काय, माशीमा?"

"संदेश का डब्बा है और एक भी चींटी नहीं. हमारा कोलकाता का चींटी इतना भद्र नहीं है." मग तिने मोरीच्या बंद दाराकडे हनुवटी केली. "और दिन में नीचे कोई दबा के खाँसता है. चोर है कि स्वामी है?"

स्वामी म्हणजे बंगालीत नवरा. त्याच क्षणी मोरीतून खोकला आला.

मी खुर्चीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. गिरणी, टाळं, दीर, माडी, सेक्रेटरीबाई, बारावी. रडलेसुद्धा असेन, आठवत नाही, म्हणजे रडलेच. घराचा करार महिनाभरात संपत होता. आता ही म्हणणार, बिनपगारी भाडेकरू नको, घर खाली करा. ती मात्र म्हणाली, "आलू का छिलका इतना मोटा काहे?"

"काय?"

"रोज देखता है हम. डब्बा सजाता है, और नीचे आधा आलू फेंकता है. जिसका घर में पगार नहीं आता, उसका छिलका पतला होना माँगता. चलो, रसोई दिखाओ."

आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, माझ्या विळीची धार अंगठ्यावर बघत, तिने तिची गोष्ट सांगितली. तिच्या यजमानांचा कारखाना बंद पडला तेव्हा ते चाळिशीचेही नव्हते. पुन्हा नोकरी लागलीच नाही. सुरुवातीला तिनेही लपवलं. आठवडाभरात कंटाळा आला. मग एका सोमवारी भर दुपारी तिने त्यांचे ऑफिसचे सगळे शर्ट धुतले आणि गच्चीवर नाही, रस्त्याच्या बाजूला तार बांधून वाळत घातले, एकापुढे एक. कामाच्या दिवशी माणसाचे सगळे शर्ट तारेवर, म्हणजे माणूस घरात. "जिसको गिनना है, गिनो," ती म्हणाली. "ताला उसने लगाया. शरम उसका. हमारा काहे?"

त्या दिवसापासून संध्याकाळचा स्वयंपाक एकाच चुलीवर होऊ लागला. ती भाजी आणायची, मी रांधायचे, चौघांनी जेवायचं. करार तिने वाढवून दिला, पण भाडं सोडलं नाही आणि सोडा असं मीही म्हटलं नाही. मी एकदा आभार मानायला गेले तर तिने हात झटकला. "दया हम नहीं करता. बहुत महँगा आदत है."

मला तिने सगळं पहिल्यापासून शिकवलं. मटाराच्या सालीचा आतला पापुद्रा ओढून काढायचा आणि राहिलेलं वाटायचं. पेज ओतायची नाही. फ्लॉवरचा दांडा हा फ्लॉवरच असतो. एकदा दुधीच्या साली परतताना मला आईची आठवण झाली. ती दोडक्याच्या शिरांची चटणी करायची, तीळ आणि सुकं खोबरं घालून, कुरकुरीत. मला लहानपणी ती गरिबाघरची वाटायची, लग्न झाल्यावर मी ती कधी केलीच नव्हती. हे मी माशीमाला सांगितलं. ती म्हणाली, "तुमारा माँ जानता था. तो तुम किसका बेटी है, दुकान का?"

सालींबाबत मी अशी सुधारले. खोकल्याबाबत नाही. नवरा दिवसा अजून उशीतच खोकत होता. माशीमा त्यावर पुन्हा काही बोलली नाही, पण दुपारी वर तिच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. बंगाली माणसाची जेवणानंतरची झोप म्हणजे देवपूजा, आणि ही तर ती कधी चुकवत नसे. मला वाटलं, म्हातारपण.

संक्रांत आली आणि मंडळातल्या बायकांच्या हळदीकुंकवाची पाळी नेमकी माझ्यावर. नाही म्हणावं तर तीच बातमी. वाण काय लुटायचं? मागच्या वर्षी सेक्रेटरीबाईंनी स्टीलचे डबे लुटले होते, झाकणावर नक्षीचे. मी कानातल्या कुड्या मोडायच्या विचारात होते. माशीमाला मोडक्या हिंदीत वाण म्हणजे काय ते समजावलं. तिने ऐकून घेतलं, वर गेली आणि दोऱ्याने बांधलेली ती चळत घेऊन आली.

"डब्बा है. छिलका है. तिल है. और क्या माँगता?"

आठवडाभर आम्ही दोघींनी दुधीच्या साली जमवल्या. बारीक चिरून, वाळवून, तिळावर परतून, आईची चटणी केली आणि संदेशाच्या डब्यांत भरली. माझ्यातल्या त्या शहाण्या बाईने त्यावरही एक थाप तयार ठेवली होती. म्हणायचं, यंदा इको-फ्रेंडली वाण. सेक्रेटरीबाईंना हा शब्द फार आवडायचा.

हळदीकुंकू कामाच्या दिवशी, दुपारी चारला. नवऱ्याला आतल्या खोलीत पाणी, तिळगूळ आणि उशी देऊन दार लोटलं. बायका आल्या, सगळ्या संक्रांतीच्या काळ्या साड्यांत. आणि बरोब्बर मधल्या खुर्चीत माशीमा, पांढरी खळीची साडी नेसून, कावळ्यांच्या सभेत बगळा बसावा तशी. मी हळदीकुंकवाची कुयरी घेऊन तिच्यापाशी आले आणि अडखळले. विधवा बाई, लावावं की नाही. सगळ्या माझ्या बोटाकडे बघत होत्या. माशीमाने माझ्यासाठी थांबण्यात वेळ घालवला नाही. स्वतःच बोट बुडवून कपाळाला हळद लावली, बोट हुंगलं आणि म्हणाली, "हल्दी अच्छा है. आगे चलो."

मी पुढे गेले. डबे वाटले. सेक्रेटरीबाईंनी डबा हातात घेऊन, "अगंबाई, संदेश का," म्हणत झाकण उघडलं आणि चिमूटभर तोंडात टाकलं.

"छान लागतंय. काय आहे हे?"

"दुधीच्या सालीची चटणी."

"सालीची?" त्यांनी शेजारणीकडे बघितलं. "अगं, दुधीचं काय केलंस मग?"

दोघीतिघी हसल्या. मी म्हटलं, "यंदा मी जरा इको..." आणि आतून खोकला आला. उशीतला. गाढवाने पोत्यात तोंड घालून ओरडावं तसा.

सगळ्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "आत कोण आहे गं?"

एरवी मी सांगितलं असतं, वरच्या मजल्यावरचं ऐकू येतं इथे. पण वरचा मजला सगळाच्या सगळा माझ्यासमोर खुर्चीत बसून चटणी चाखत होता आणि माझ्याकडे बघत होता.  मदतीला एक भुवईसुद्धा उचलली नाही.

पुन्हा खोकला आला. तो अर्ध्यात तुटला. त्याने उशी दाबली होती हे मला बाहेरूनच कळलं, आणि मला एकदम माझाच संताप आला. हा माणूस माझ्या घरात तोंड दाबून जगत होता, आणि दाबणारा हात गिरणीवाल्याचा नव्हता.

मी म्हटलं, "माझा नवरा आहे. घरीच असतो. गिरणीला टाळं लागलं, पूजेपासून पगार नाही. म्हणून वाण सालीचं आहे. चटणी माझ्या आईची आहे आणि मला तिची लाज वाटत नाही."

माशीमाला मराठी कळत नव्हतं. तिने विचारलं, "क्या बोला?"

मी तेच हिंदीत सांगितलं. दारात शेजारची बंगाली काकीमा उभी होती, तिच्यासाठी मोडक्या बंगालीत सांगितलं. तिसऱ्या भाषेपर्यंत मला ते आवडायला लागलं होतं. मग आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "अहो, उशी ठेवा खाली. खोका मोकळेपणी."

आणि तो खोकला. इतक्या महिन्यांचं साचलेलं, छातीच्या तळापासून. भिंतीवरचं कॅलेंडर हललं असं मी लेकीला पुढे सांगायचे, तेवढं नसेल. मग दार उघडून तो बाहेर आला, स्वेटर, पायजमा, वाढलेली दाढी, आणि हातात मी त्याला दिलेली तिळगुळाची वाटी. ती त्याने सेक्रेटरीबाईंपुढे धरली. "घ्या. गोड बोला."

त्यांनी घेतला. दुसरं काय करणार होत्या? "आधी नाही का सांगायचं," एवढं म्हणाल्या. कुणी चटणीची कृती विचारली. कोपऱ्यात एक तरुण मुलगी बसली होती, नवरा कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत असलेली. निघताना ती खाली बघत म्हणाली, "काकू, मला अजून एक डबा द्याल?" मी दिला. का, ते विचारलं नाही.

नागपूरचा फोन सेक्रेटरीबाई गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत आला असावा. "वहिनी, काय ऐकतोय मी," दीर म्हणाले, "तिकिटं काढू का?" मी म्हटलं, "भाऊजी, काढू नका. परीक्षा झाली की येऊ आम्ही उन्हाळ्यात, पाहुणे म्हणून. आंबे ठेवा." लेकीने परीक्षा इथेच दिली. नवऱ्याला पुढे बडा बाजारात गोणपाटाच्या एका व्यापाऱ्याकडे काम मिळालं, पहिल्यासारखं नाही, पण दुपारी तोंड उघडं ठेवता येईल असं. माशीमा आता नाही. तिच्या माघारी बिल्डरने घर पाडलं, आणि ती असताना आणायचा त्याच दुकानातली मिठाई वाटली म्हणतात. आम्ही तेव्हा दुसऱ्या गल्लीत होतो. माझ्या दुधीच्या साली अजून बादलीत जात नाहीत.

पण हे सगळं मागाहूनचं. त्या संध्याकाळी बायका गेल्या, मी कुयरी उचलत होते, नवरा समोरच्या खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून, पडदा सारून उभा होता. माशीमा तिचा डबा काखेत मारून जिन्याला लागली. अर्ध्यावर पापड मोडायचे थांबले. तिने कठड्यावरून वाकून माझ्याकडे बघितलं, कपाळावर ती हळद तशीच होती.

"बौमा," ती म्हणाली, "इतना दिन तुमारा स्वामी दबा के खाँसता था, तो दोपहर में हमको नींद नहीं आता था. लगता था नीचे कोई मरता है. आज लगा, नीचे कोई रहता है."